सुषमाच्या गाडीवरची सावली

उन्हाळा तापायला लागला होता. सुरतेतल्या अमरोलीच्या पुलावरून उतरताना सुषमाने आरशात पाहिलं, तर मागच्या सीटवर बसलेल्या शोभाबाईंची मान एका बाजूला कलली होती. डोळा लागला असेल, असं तिला आधी वाटलं. डायलिसिस करून आलेलं माणूस गळून जातं, शोभाबाई तर गाडीत बसल्या की पेंगायच्याच. पण गाडी गतिरोधकावर उडाली तरी मान तशीच लोंबती राहिली, आणि शेजारी बसलेले बन्सीलाल आप्पा ओरडले, "सुषमा, गाडी उभी कर व! बाई बोलत नही!"

सुषमाने गाडी कडेला घेतली आणि उडी मारूनच खाली उतरली. मागचं दार सरकवलं तशी आतली हवा तोंडावर आली, भाकरीच्या चुलीपुढे वाकल्यावर येते तशी. शोभाबाईंना सीटवर आडवं करताना तिचा तळवा रेग्झिनला टेकला आणि चटका बसला. आपण एका आजारी बाईला कशावर बसवलं होतं ते तिला त्या चटक्याने कळलं.

आप्पांचं स्वतःचं डायलिसिस तासाभरापूर्वीच झालेलं, दंडावर पट्टी तशीच. तरी त्यांनी शोभाबाईंचे पाय आपल्या मांडीवर उचलून धरले. सुषमाने ओढणी भिजवून तोंड पुसलं, मान पुसली, गाडीतला पुठ्ठा घेऊन वारा घालू लागली. पाणी पाजावं तर ती सोय नाही. या रोग्यांना पाणी घोटाघोटाने मोजून द्यायचं असतं, हे तिला एव्हाना पाठ झालं होतं. ती नुसती हाका मारत राहिली. "मावशी, ओ मावशी, डोळे उघडा. शोभामावशी!"

शेवटी पापण्या हलल्या. शोभाबाई छताकडे बघत म्हणाल्या, "आलं का गं आपलं कोसाड?"

सुषमा हसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही आलं. मग तिने गाडी वळवली आणि सरळ पुन्हा हॉस्पिटल गाठलं. तिथे त्यांचं प्रेशर तपासलं, थोडा वेळ झोपवून ठेवलं आणि संध्याकाळी घरी सोडलं. काही धोका नव्हता. निघताना तिथली नर्स सुषमाला बाजूला घेऊन म्हणाली, "सुषमाबेन, डायलिसिसनंतर प्रेशर उतरतंच. त्यात गाडी भट्टीसारखी तापलेली. गाडी ठंडी राखजो, बेन."

नर्सचा सूर रागाचा नव्हता. शोभाबाईंचा मुलगा योगेश बांधकामाच्या साइटवरून धावत आला, तोही रागावला नाही. "ताई, तुम्ही होतात म्हणून निभावलं," एवढंच म्हणाला. कोणीतरी चार शब्द सुनावले असते तर सुषमाला बरं वाटलं असतं. घरी आल्यावर तिला भाकरीचा घास गिळेना.

सुषमा मूळची धरणगावकडची. लग्न होऊन सुरतेत आली तेव्हा तिचा नवरा विठ्ठल कतारगामच्या एका खात्यात लूम चालवायचा. खातं म्हणजे यंत्रमागाचा कारखाना. वर्षानुवर्षं त्या खडखडाटात उभं राहून विठ्ठलचे कान हळूहळू गेले. समोर उभं राहून, ओठ नीट हलवून बोललं की त्याला कळायचं. फोन मात्र त्याच्या उपयोगाचा राहिला नव्हता. साड्यांचे गठ्ठे वाहायचे म्हणून त्याने एक जुनी व्हॅन घेतली, आणि एकदा मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू न आल्याने थोडक्यात वाचला. त्या दिवशी सुषमाने किल्ली आपल्या हातात घेतली. "आते गाडी मी शिकसू," ती म्हणाली, आणि खरंच शिकली; विठ्ठल पुन्हा खात्यावर जाऊ लागला. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. नंतर त्याच बायका तिच्या गाडीतून बाजारला जाऊ लागल्या.

रोग्यांचं काम असंच आपसूक तिच्याकडे आलं. आळीतल्या बन्सीलाल आप्पांना डायलिसिस सांगितलं, रिक्षावाले परतीला थांबेनात, म्हणून तिने त्यांना नेलं-आणलं. मग हॉस्पिटलातल्या ओळखीने शोभाबाई आल्या. जालन्याकडच्या, विधवा, मुलाबरोबर सुरतेत राहणाऱ्या. आणखीही एकदोघं आली. सुषमा त्यांना सकाळी लवकर सोडायची, घरी येऊन स्वयंपाकपाणी उरकायची आणि दुपारी पुन्हा आणायला जायची. हॉस्पिटलच्या आवारात गाडी उभी करायला जागा नव्हती.

तेवढा सगळा वेळ गाडी तिच्या दारापुढे उन्हात तापत असायची. कोसाडच्या त्या भाड्याच्या रो-हाऊसपुढे मोटारीपुरती फरसबंद जागा होती. चार लोखंडी खांब होते, वर आडव्या नळ्या होत्या, पण छप्पर नव्हतं. आधीचा भाडेकरू जाताना आपले पत्रे काढून घेऊन गेला होता. नवीन पत्रे घालायचे तर वेल्डिंग आलं, भिंतीत भोकं आली, आणि ते घरमालकाला चालणार नव्हतं. शिवाय भाड्याच्या घरावर एवढा खर्च कोण करतो? म्हणून आजवर ते तसंच राहिलं होतं.

शोभाबाईंना घेरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सुषमाने बाजारातून निळी ताडपत्री आणली. स्वतःच स्टुलावर चढून ती चारी कोपऱ्यांना सुतळीने बांधली. एका बाजूला नळीवर धड पकड मिळेना, तिथे तिने ताडपत्रीची कड दारावरच्या सज्जावर घेऊन तिच्यावर विटा ठेवल्या. आळीत सगळेच तसं करायचे. सावली पडली, गडद निळी सावली. सुषमाला केवढा हुरूप आला.

तिच्याहून जास्त आनंद शेजारच्या सरलाबाईंना झाला. सरलाबाई अकोल्याकडच्या, वयाने मोठ्या, जिभेने मोकळ्या. साड्यांवर भरतकाम झालं की मागे लोंबणारे धागे कापायचं काम त्या घरी आणायच्या. त्यांच्या घरात उजेड कमी, म्हणून गाडी बाहेर गेली की त्या आपला साड्यांचा ढीग घेऊन सुषमाच्या ताडपत्रीखाली येऊन बसू लागल्या. "माय, तू तं आमाले मांडवच घालून दिला," त्या म्हणायच्या.

पण त्या मांडवात एक खोट होती. ऊन अडत होतं, वारा मात्र कोंडत होता. ताडपत्री तापली की खाली नुसती उकड साचायची. दुपारी गाडीचं दार उघडलं की पूर्वीपेक्षा थोडं बरं, पण थोडंच. शिवाय जरा वारा आला की ताडपत्री फडफड करायची, जणू कोणी धोपटण्याने कपडे धोपटतंय. सुषमाने आणखी दोन विटा ठेवल्या.

मग एका दुपारी आभाळ धुळीने पिवळं झालं. सुषमा सगळ्यांना घरोघर सोडून परत येत होती. समोरचा रस्ता दिसेना, दुकानांच्या पाट्या वाजू लागल्या. सोसायटीच्या कोपऱ्यावर वळली तर निळं काहीतरी विजेच्या खांबाला गुंडाळून फडफडत होतं. ती आपलीच ताडपत्री आहे हे ओळखायला तिला क्षणभर लागला. पुढच्या क्षणी तिला विटा आठवल्या.

गाडी तशीच रस्त्यात सोडून ती पळाली. दारापुढे साड्यांचा ढीग पडला होता. त्यावर एक वीट, फुटून दोन तुकडे झालेली. शेजारी दुसरी. सरलाबाईंची कात्री, सरलाबाईंची एक चप्पल. सरलाबाई नव्हत्या.

"मावशी!" सुषमा ओरडली. "सरलामावशी!"

शेजारचं दार उघडलं. हातात पळी घेऊन, एका पायात चप्पल घातलेल्या सरलाबाई उंबऱ्यात उभ्या. "काय झालं व? मी तं कुकर बंद कराले गेलती. शिट्ट्यावर शिट्ट्या होऊन राहिल्या होत्या." मग त्यांनी खाली पाहिलं. विटांकडे, आपल्या बसायच्या जागेकडे. त्यांचा चेहरा उतरला.

सुषमा तिथेच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडू लागली. सरलाबाईंनी पळी खाली ठेवली आणि तिचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. "काहून रडून राहिली, पोरी? पाह्य मले, धडधाकट हाओ मी. एक केस बी हालला नाही." असं म्हणता म्हणता त्यांचाही आवाज कापू लागला. मग दोघी तशाच धुळीत बसून राहिल्या, आणि आतून फोडणीला टाकलेली डाळ करपल्याचा वास येऊ लागला तेव्हा कुठे उठल्या.

संध्याकाळी विठ्ठल घरी आला तेव्हा सुषमाने त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. बोलताना दोन्ही हातांनी विटा कशा पडल्या ते दाखवलं. त्याने बाहेर जाऊन उघड्या नळ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "डोकावर वजन नको. काही भी कर, पण वजन नको." सुषमाने मान हलवली.

पण गाडी पुन्हा उघडी पडली होती, आणि ऊन काही थांबणार नव्हतं. तिने जुन्या साड्या जोडून वर बांधून पाहिल्या. सुरतेत साड्यांना तोटा नाही. पण त्या पातळ, ऊन गाळूनच खाली यायचं, आणि कबुतरांनी आठवड्यात त्यांची दशा करून टाकली. तिचा भाऊ किसन चलथाणला ऊसतोडीच्या टोळीबरोबर होता. तो फोनवर म्हणाला, "ताई, उसाचं पाचट आणून देऊ? गावात आपण झाप घालतो तसं घालून टाक. खाली थंडगार राहतं." सुषमाला ते एकदम पटलं. ती विठ्ठलला सांगायला गेली तर त्याने गाडीच्या मागच्या बाजूला बोट दाखवलं. गाडी गॅसवर चालणारी, आत सिलिंडर. वर वाळकं पाचट, आणि शेजारीपाजारी कोणी ना कोणी विडी ओढणारा. "ती सावली नही, ती होळी शे," तो म्हणाला. सुषमाने किसनला नको म्हणून कळवलं.

ते दिवस तिने कसे काढले तिचं तिला माहीत. दुपारी निघताना ती सीटवर ओल्या चादरी पसरायची, चारी काचा उघडून गल्लीत दोन चकरा मारायची, मग हॉस्पिटलला जायची. परतीच्या वाटेवर तिचं निम्मं लक्ष रस्त्यावर आणि निम्मं आरशात. "मावशी, बोलत राहा," ती शोभाबाईंना सांगायची. "काय बोलू गं लेकरा?" त्या विचारायच्या. "काही पण बोला. शिव्या द्या मला." मग आप्पाच खान्देशातल्या लग्नांच्या गमती सांगत बसायचे.

वाट सापडली ती रोजच्याच रस्त्यावर. एकदा रेल्वे फाटक लागलं म्हणून गाडी थांबली होती. शेजारी रोपांची नर्सरी होती. सुषमा रोज तिच्यावरून जायची. त्या दिवशी मात्र तिचं लक्ष गेलं, भर दुपारी, ऊन आग ओतत असताना, हिरव्या जाळीखाली फुलझाडांची पानं तरतरीत होती. आणि माळी रोपांच्या मधोमध चक्क घोंगडी अंथरून झोपला होता.

फाटक उघडल्यावरही ती गेली नाही. गाडीत रोगी नव्हते, तिला आणायलाच जायचं होतं आणि हाताशी वेळ होता. तिने माळ्याला उठवलं. तोही मराठी निघाला, नंदुरबारचा. तिने आपली अडचण सांगितली. तो आळस देत म्हणाला, "ताई, ताडपत्री वाऱ्याला अडवती, म्हणून वारा तिला उपटून नेतो. जाळी वाऱ्याला जाऊ देती. मग तो भांडंल कशाला?" त्याने तिला जाळीखालच्या मातीवर हात ठेवायला सांगितलं. माती गार होती. "गाडीसाठी दाट विणीची घ्या. आन् एकच थर नका लावू. दोन लावा, मधी वीतभर जागा सोडा. वरचा तापंल, खालचा नाही तापणार."

सुट्टीच्या दिवशी विठ्ठल आणि सुषमा कामाला लागले. जाळी पत्र्याच्या तुलनेत अगदीच स्वस्तात मिळाली होती. पण नुसत्या जाळीच्या काठाला दोरी ओवली तर ओढ बसून ती टरकन फाटते, हे पहिल्याच गाठीला समजलं. सरलाबाई आपलं शिलाई यंत्र दारात घेऊन बसल्या आणि जुन्या जाड चादरीच्या पट्ट्या त्यांनी चारी काठांना शिवून दिल्या. तिथे विठ्ठलचा हात लागला. आयुष्यभर धागे जोडलेला माणूस, ताण किती द्यायचा हे त्याच्या बोटांना ठाऊक. दोरीऐवजी त्याने सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या. पंक्चरवाल्याने त्या फुकटच दिल्या.

"ट्यूब कशाले?" सुषमाने समोर येऊन विचारलं.

"वारा ओढी, तव्हय ती बी ताणाई. वारा गया, का परत जागावर." त्याने ट्यूब ताणून सोडून दाखवली. वाऱ्याने ओढलं की ताणायचं, वारा गेला की आपल्या जागी परत यायचं.

जाळीच्या मधल्या भागातही दोन-तीन जागी आधार हवा होता. तिथे जाळीत गोल खडा गुंडाळून त्या गाठीला दोरी बांधून ती नळीला ओढायची, असं विठ्ठलने सुचवलं. तसं करतात खरं. पण सुषमाने कमरेवर हात ठेवले. "खडा? वर?" विठ्ठलने तिच्याकडे पाहिलं, खड्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने तो खाली टाकला. शेवटी सरलाबाईंनी पाण्याच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं शोधून आणली. ती जाळीत गुंडाळून गाठी मारल्या. डोक्यावर पडली तरी कोणाला कळलंही नसतं.

दोन थर झाले, मध्ये वीतभर अंतर ठेवून. एक बाजू जरा उतरती ठेवली. पण दुपार कलायला लागली तसं ऊन तिरपं होऊन बाजूने आत शिरलं आणि थेट गाडीच्या सीटवर जाऊन बसलं. सुषमा हताश होऊन बघत राहिली. विठ्ठलने उरलेला जाळीचा तुकडा उचलला, दोन खांबांमध्ये तार ताणली आणि तिच्यावर तो खिडकीच्या पडद्यासारखा अडकवला. ऊन आलं की ओढायचा, गाडी काढताना सारायचा. भिंतीला एक खिळाही लागला नाही.

सुषमाच्या मनातली धाकधूक मात्र गेली नव्हती. सावली चांगली होती, पण वारा अजून आला नव्हता.

तो आला दुसऱ्याच दिवशी, नेमका ती हॉस्पिटलात असताना. सकाळी रोग्यांना सोडल्यावर एक कागद द्यायचा राहिला होता म्हणून ती थोडी थांबली होती. एकाएकी खिडक्या धडाधड आपटल्या, बाहेरची झाडं वाकून गेली. विठ्ठल रात्रपाळी असल्याने घरीच होता, पण त्याला फोन करून उपयोग नव्हता. तिने सरलाबाईंना फोन लावला. घंटी वाजत राहिली, वाजत राहिली. तेवढ्या वेळात तिने मनातल्या मनात सरलाबाईंना कुठे कुठे पडलेलं पाहिलं.

"हां, बोल व," पलीकडून आवाज आला.

"मावशी, कुठे आहात तुम्ही? जाळी? जाळीचं काय?"

"जाळीखालीच हाओ. विठ्ठल बी इथंच उभा हाये, वर तोंड करून." मागे वाऱ्याचा घोंगाट ऐकू येत होता. "काही झालं नाही. पोट फुगवते अन् सोडते, फुगवते अन् सोडते. झोपल्या लेकरावानी. तू तिथं निवांत राह्य."

सुषमा भिंतीला टेकून उभी राहिली. तिला इतकं हलकं वाटलं की नर्सने येऊन विचारलं, "शुं थयुं, बेन? सारा समाचार?" चांगली बातमी का, म्हणून. "हो, बेन," सुषमा म्हणाली. "एकदम चांगली."

त्या दुपारी तिने घरून निघताना मुद्दाम सीटवर तळवा टेकवला आणि तिथेच ठेवला. सीट कोमट होती, बस. काचा खाली होत्या, कारण सावलीत त्या उघड्या ठेवता येत होत्या. ओल्या चादरी तिने घेतल्याच नाहीत. शोभाबाईंना धरून गाडीत बसवलं तेव्हा त्यांनी सवयीने आधी पदर खाली टाकला, मग चाचपून पाहिलं आणि पदर परत खांद्यावर घेतला. "आज गाडी कुणाच्या घरी झोपली होती गं?" त्या म्हणाल्या. आप्पा खो खो हसले. त्या सबंध वाटेत सुषमाला कोणाला 'बोलत राहा' म्हणावं लागलं नाही. शोभाबाईच आपल्या लहानपणीच्या विहिरीच्या, पोहण्याच्या गोष्टी सांगत होत्या, आणि मध्येच त्यांना झोप लागली तेव्हा सुषमाने आरशात पाहिलं. छाती शांतपणे वरखाली होत होती. तिने गाडीचा वेग जरा कमी केला.

घरमालक महिनाअखेरीला आला. कतारगामचा म्हातारा पटेल, स्वभावाने बोलका. सुषमाला पुन्हा एकदा भीती वाटली, याने काढायला लावलं तर? तो खांबांभोवती फिरला, ट्यूबची एक पट्टी ओढून सोडली, भिंतीवरून हात फिरवला. "भिंतीला भोक नाही ना पाडलं? तो चालशे," मग चालेल, असं तो म्हणाला, आणि तिथेच सरलाबाईंच्या बाजूला खाली बसून पाणी मागितलं. पाणी पिऊन झालं तरी तो उठेना. "अहीं तो हवा आवे छे," म्हणत त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि भिंतीला पाठ टेकली.

सुषमाने आतून जेवणाचं ताट बाहेर आणलं. कितीतरी दिवसांनी तिला त्या वेळेला भूक लागली होती. शेवभाजी आणि भाकरी, वर कच्चा कांदा. विठ्ठल शेजारी येऊन बसला. सरलाबाईंनी ताटातला कांद्याची एक फोड न विचारता उचलली. हॉस्पिटलला निघायला अजून अवकाश होता.